अमेरिकेचे नागरिकत्व : दिवसांचा हिशोब, कागदपत्रे आणि इतिहासाची तोंडी परीक्षा

परदेशातून आलेल्या व्यक्तीला नागरिक करून घेण्याचा नियम कोणी ठरवावा, हे अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे. तो अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. १७९० च्या पहिल्या कायद्याने त्यासाठी दोन वर्षांचे वास्तव्य पुरेसे मानले होते. १७९५ मध्ये ही मुदत पाच वर्षे झाली, १७९८ मध्ये ती चौदा वर्षांपर्यंत ताणली गेली आणि १८०२ मध्ये पुन्हा पाचावर आली. आज ग्रीन कार्डधारकाला, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना असलेल्याला, जी पाच वर्षे थांबावे लागते, ती हीच.

अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. अमेरिकन नागरिकाशी विवाह होऊन त्याच जोडीदारासोबत राहणाऱ्यांना पाचऐवजी तीन वर्षे पुरतात. 'एन-४००' हा नागरिकत्वाचा अर्ज मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो, मात्र अर्ज करताना त्या राज्यात किंवा इमिग्रेशन खात्याच्या त्या जिल्ह्यात तीन महिने वास्तव्य झालेले असावे लागते.

बहुतेकांची गफलत होते ती पुढच्या दोन अटींत, कारण त्या एकच आहेत असे वाटते. पहिली अट प्रत्यक्ष उपस्थितीची : पाच वर्षांपैकी किमान ९१३ दिवस अमेरिकेच्या भूमीवर काढलेले असले पाहिजेत, आणि त्यात निघण्याचा व परतण्याचा दिवसही धरला जातो. दुसरी अट अखंड वास्तव्याची आहे. एकच परदेश प्रवास सहा महिन्यांपेक्षा लांबला, तर वास्तव्यात खंड पडला असे गृहीत धरले जाते, आणि घर, नोकरी, कुटुंब, करभरणा यांचे पुरावे देऊन ते गृहीतक खोडण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. प्रवास एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाला, तर खंड पडतोच. मुलांकडे राहणारे आईवडील गणपतीला महाराष्ट्रात येतात आणि होळी झाल्यावर परततात, तेव्हा सहा महिने कधी उलटले हे ध्यानातही येत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी जुन्या-नव्या सगळ्या पासपोर्टांवरील शिक्के समोर ठेवून प्रवासांची तारीखवार यादी करावी. अर्जातही ती द्यावीच लागते.

कागदपत्रांत ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजूंची प्रत सर्वांना लागते. विवाहाच्या आधारे अर्ज असेल तर विवाह प्रमाणपत्र, जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा आणि आधीचा विवाह संपल्याची कागदपत्रे जोडावीत. ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने दिलेला दाखला मराठीत असेल, तर त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि आपण दोन्ही भाषा जाणतो व भाषांतर अचूक आहे, असे भाषांतरकाराचे सही केलेले निवेदन लागते. कधी अटक झाली असेल, तर प्रकरण मिटलेले असले तरी न्यायालयाचा प्रमाणित निकाल सोबत ठेवावा आणि अर्जात ते लिहावे. मूळ चूक किरकोळ असली तरी ती लपवणे महागात पडते. शपथ होईपर्यंत मतदार नोंदणी करू नये, कोणी फॉर्म पुढे केला तरीही. एप्रिल २०२४ पासूनच्या दरानुसार ऑनलाइन अर्जाचे शुल्क ७१० डॉलर आणि कागदी अर्जाचे ७६० डॉलर आहे. कमी उत्पन्न असणाऱ्यांना सवलत मिळते.

बोटांचे ठसे दिल्यानंतर मुलाखतीचे बोलावणे येते. अधिकारी अर्जावर प्रश्न विचारतो, इंग्रजीचे एक वाक्य वाचून घेतो, एक लिहून घेतो आणि मग नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा घेतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांची यादी असून त्यांतले २० पर्यंत विचारले जातात व १२ बरोबर यावे लागतात. नापास झाल्यास ६० ते ९० दिवसांत एक संधी पुन्हा मिळते. अर्ज करताना वय ५० असून ग्रीन कार्डवर २० वर्षे झाली असतील, किंवा वय ५५ असून १५ वर्षे, तर इंग्रजीतून सूट मिळते आणि परीक्षा दुभाष्याच्या मदतीने मराठीत देता येते. वय ६५ आणि वास्तव्य २० वर्षे असेल, तर अभ्यासाला फक्त २० प्रश्न उरतात. ही सवलत अनेक आजी-आजोबांना माहीतच नसते, याचे वाईट वाटते.

उत्तरे घोकण्यापेक्षा त्यांमागचा क्रम समजून घ्यावा. ४ जुलै १७७६ रोजी १३ वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला, पण आजची राज्यघटना लिहिली गेली ती १७८७ मध्ये, फिलाडेल्फियात. मधल्या काळातल्या केंद्र सरकारला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता, आणि त्या दुबळेपणातूनच नवी घटना लिहिण्याची गरज निर्माण झाली. मोठी आणि लहान राज्ये प्रतिनिधित्वावरून अडून बसली, तेव्हा तडजोड झाली : प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे. हा फरक लक्षात ठेवला, की १०० सिनेटर आणि ४३५ प्रतिनिधी हे आकडे विसरले जात नाहीत. नागरिकांच्या हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये आल्या, तर गुलामगिरी घटनेने संपवली १८६५ मध्ये, तेराव्या दुरुस्तीने. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तो याच लढ्याबद्दल. तरीही १७९० च्या कायद्यातली 'गोऱ्या' माणसांची अट टिकून होती. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना त्याच आधारे नागरिकत्व नाकारले, आणि भारतीयांसाठी हे दार १९४६ च्या कायद्याने उघडले.

शपथविधीच्या वेळी ग्रीन कार्ड परत करून प्रमाणपत्र घ्यायचे असते. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपते, त्यामुळे जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. आधी अमेरिकन पासपोर्ट काढावा, मग भारतीय पासपोर्ट जमा करून नागरिकत्व सोडल्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यानंतर ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करावा. या कार्डावर भारतात मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावी जाण्याची तिकिटे काढायची ती ओसीआय किंवा व्हिसा हातात आल्यावरच.