हक्क सोडणे आणि हक्क बुडणे : एका कायदेशीर भेदाची पार्श्वभूमी

एखाद्याच्या हातची जमीन, भाडेपट्टा किंवा विमा पॉलिसी गेली, की बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की काल ती त्याची होती आणि आज नाही. कायदा मात्र ती कशी गेली हे आधी विचारतो. धारकाने स्वतः होऊन ती परत केली आणि समोरच्याने ती स्वीकारली, तर ते अभ्यर्पण. धारकाच्या हातून गुन्हा, कसूर किंवा अटीचा भंग घडला आणि त्यापायी हक्कच बुडाला, तर ते समपहरण. करारनाम्याच्या कलमांत हा भेद रूक्ष वाटतो, पण त्यामागे आठशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. हक्क सोडणारा माणूस आपल्यापुरते सोडतो. हक्क बुडतो तेव्हा मात्र त्याच्या आधाराने राहणाऱ्या, स्वतः काहीही कसूर न केलेल्या माणसांचेही बुडते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीन निष्ठेच्या आणि सेवेच्या अटीवर धारण केली जाई. निष्ठा मोडली की धारणेचा आधारच संपला, असे मानले जात असे. राजद्रोह सिद्ध झाला तर जमीन कायमची राजाकडे जाई. इतर गंभीर गुन्ह्यांत चीजवस्तू राजाकडे आणि जमीन वरच्या सरंजामदाराकडे जाई. गुन्हेगारांच्या जमिनी राजाने एक वर्ष आणि एक दिवस यांहून अधिक काळ ताब्यात ठेवू नयेत आणि नंतर त्या सरंजामदाराला द्याव्यात, असे बंधन १२१५ च्या मॅग्ना कार्टातील बत्तिसाव्या कलमाने घातले. या व्यवहारात गुन्हेगाराच्या मुलांना कुठेच जागा नव्हती. त्याचे रक्त ‘दूषित’ झाले असे धरून त्याच्याकडून येणारा वारसाच तोडला जाई. दोषी ठरल्याखेरीज मालमत्ता बुडत नसे, म्हणून काही आरोपी गुन्हा कबूल की नाकबूल हे सांगायलाच नकार देत. अशा आरोपीच्या अंगावर तो बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत वजने रचली जात, आणि ही पद्धत १७७२ पर्यंत कायद्यात राहिली. मुलाबाळांसाठी जमीन राखायची तर असे चिरडून मरण पत्करावे लागे, यावरून त्या काळी हक्क बुडणे किती भयंकर होते ते कळते.

हक्क सोडण्याची रीत याच्या अगदी उलट, शांत आणि समारंभपूर्वक होती. जहागिरीच्या न्यायसभेच्या दप्तरातील नोंदीवर ज्याची धारणा अवलंबून असे, अशा कुळाला जमीन दुसऱ्याच्या नावे करायची असेल, तर तो न्यायसभेत येऊन जहागीरदाराच्या कारभाऱ्याच्या हाती एक काठी देई. काठीबरोबर जमीन परत गेली असे समजले जाई. मग कारभारी तीच काठी नव्या धारकाच्या हाती देऊन त्याला जमिनीवर दाखल करून घेई. याच कुळाने परवानगीशिवाय इमारती लाकडाची झाडे तोडली किंवा देणे द्यायला नकार दिला, तर तीच जमीन बुडत असे. एकाच जमिनीला बाहेर पडण्याच्या अशा दोन वाटा होत्या: एकीत कुळ काय म्हणतो ते नोंदले जाई, दुसरीत त्याने काय केले ते. १९२६ च्या आरंभी हा धारणाप्रकारच रद्द झाला.

हा भेद लोकांच्या आयुष्यात किती खोल उतरू शकतो, हे आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा दिसले. १५३६ मध्ये उत्तर इंग्लंडात बंड झाले. त्यानंतर, १५३७ मध्ये, व्हॉली येथील मठाधिपतीला राजद्रोहासाठी फाशी दिली गेली आणि त्याच्या गुन्ह्यापायी अख्खा मठच बुडाला असे ठरवण्यात आले. वास्तविक मठाची जमीन ही मठाधिपतीची खासगी मालमत्ता नव्हती. एका माणसाच्या अपराधासाठी संस्थेची मालमत्ता घेणे हा कायद्याचा उघड विपर्यास होता, असेच म्हणावे लागते. त्याच वर्षी फर्नेस येथील मठाधिपतीने मठ राजाला ‘स्वेच्छेने’ अर्पण करत असल्याच्या लेखावर सही केली आणि पुढे मठामागून मठ याच मार्गाने गेले. स्वेच्छा हा शब्द तिथे नावापुरताच होता, कारण नकार दिल्यास काय होईल हे सर्वांना ठाऊक होते. १५३९ मध्ये ग्लॅस्टनबरीच्या वृद्ध मठाधिपतीलाही फासावर चढवले गेले. तरीही सहीला किंमत होती. मठ अर्पण करणाऱ्यांना बहुधा निवृत्तिवेतन मिळाले, कारण कागदोपत्री तो देवाणघेवाणीचा व्यवहार ठरला. बुडालेल्या मठातील भिक्षूंपाशी असे काही मागण्याचा आधारच नव्हता.

फौजदारी कायद्यातून ही प्रथा सावकाश हटली. राजद्रोहामुळे होणारे समपहरण दोषी व्यक्तीच्या हयातीपुरतेच राहील, असे अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेने ठरवले. इंग्लंडने १८७० मध्ये गुन्हेगाराची मालमत्ता सरसकट बुडवण्याची पद्धत रद्द केली, आणि भारतीय दंडसंहितेतील तशी कलमे १९२१ मध्ये वगळण्यात आली.

मालमत्तेच्या कायद्यात मात्र दोन्ही वाटा अजून शेजारी शेजारी आहेत. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १११ व्या कलमात भाडेपट्टा संपण्याच्या कारणांमध्ये अभ्यर्पण आणि समपहरण स्वतंत्रपणे दिलेली आहेत. अभ्यर्पणाला दोघांची संमती लागते, आणि ती वागण्यातूनही दिसू शकते. जुना पट्टा चालू असताना भाडेकरूने नवा पट्टा स्वीकारला, तर जुना सोडला असेच मानले जाते. समपहरणासाठी भाडेकरूने पट्ट्यातील अट मोडलेली असावी लागते किंवा जमीनमालकाची मालकीच नाकारलेली असावी लागते. शिवाय पट्टा संपवण्याचा इरादा मालकाने लेखी कळवावा लागतो. म्हणजे हक्क आपोआप बुडत नाही, तो बुडवायचा की नाही हे मालक ठरवतो. कसुरीनंतरचे भाडे त्याने कसूर ठाऊक असताना घेतले, तर त्याने ती माफ केली असे धरले जाते. भाडे थकल्याचाच प्रश्न असेल, तर सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज आणि खर्च भरणाऱ्या भाडेकरूला न्यायालय वाचवू शकते.

खरी कसोटी ११५ व्या कलमात लागते. मूळ भाडेकरूने पट्टा सोडला, तर त्याने आधी दिलेल्या, जवळपास तशाच अटींच्या पोटभाडेपट्ट्याला धक्का लागत नाही. पोटभाडेकरू तिथेच राहतो आणि भाडे थेट मालकाला देऊ लागतो. पट्टा बुडाला, तर पोटभाडेपट्टाही त्याच्याबरोबर जातो. मालकाने पोटभाडेकरूंना फसवण्यासाठी समपहरण घडवून आणले असेल किंवा न्यायालयाने मूळ भाडेकरूला सवलत दिली असेल, तरच तो वाचतो. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल संहितेचा रोखही असाच होता. खातेदार राजीनामा देऊन जमीन सोडू शकत असे; पण सारा थकल्यामुळे जमीन बुडाली, तर खातेदाराने तिच्यावर निर्माण केलेले बोजे आणि हक्क पुसून ती विकण्याचा अधिकार कलेक्टरला होता.

विम्याच्या क्षेत्रात हे दोन शब्द आमनेसामने आले, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाची सुधारणा तिथेच झाली. एकोणिसाव्या शतकात आयुर्विम्याचा हप्ता चुकला, की वर्षानुवर्षे भरलेले सगळे पैसे बुडत. १८४४ मध्ये लंडनला गेलेल्या एलिझर राइट या अमेरिकन गणितज्ञाने तिथे म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसींचा लिलाव पाहिला. हप्ते झेपेनासे झालेले लोक मिळेल त्या किमतीला पॉलिसी विकत होते आणि विकत घेणाऱ्याचा फायदा विकणारा लवकर मरण्यात होता. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या राइट यांना तो गुलामांच्या लिलावासारखाच वाटला. पुढे मॅसॅच्युसेट्सचे विमा आयुक्त असताना त्यांनी १८६१ चा कायदा करवून घेतला. हप्ता थांबला तरी पॉलिसीपोटी साठलेल्या निधीचा चार पंचमांश भाग विमाधारकाचाच मानावा आणि तेवढ्या रकमेत जितका काळ पुरेल तितका काळ विमा चालू ठेवावा, असे त्यात होते. कसूर एका महिन्याची आणि शिक्षा कुटुंबाच्या आयुष्यभराची, ही विषमता तिथे पहिल्यांदा हिशेबाच्या भाषेत मांडली गेली. १८८० मध्ये त्याच राज्याने पॉलिसी सोडणाऱ्याला रोख मूल्य देणेही बंधनकारक केले.

भारतात १९३८ च्या विमा अधिनियमाच्या ११३ व्या कलमाने तीन वर्षे हप्ते भरलेल्या पॉलिसीला हमी असलेले सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी सोडल्यावर मिळणारी रक्कम, दिले. पुढे त्या नियमांत बदल होत गेले. पॉलिसी सरेंडर केल्यावर हाती येणारी रक्कम भरलेल्या हप्त्यांपेक्षा पुष्कळदा कमी असते, आणि ‘पैसे बुडाले’ असे विमाधारक म्हणतो ते समजण्यासारखे आहे. पण त्या वजावटीचा हिशेब कंपनीकडे मागता येतो आणि उरलेली रक्कम विमाधारकाचीच म्हणून कंपनीला ती त्याला द्यावी लागते. राइट यांनी लंडनमध्ये पाहिलेल्या विक्रेत्यांना कंपनीकडून असे काहीच मागता येत नव्हते.