घोडा बुजतो तेव्हा

लग्नसराईत सोलापूरच्या गल्लीतून वरात निघते. बँडच्या गाडीवरचा जनरेटर धडधडायला लागतो आणि नवरदेवाची घोडी जागीच थबकते. पुढून लगाम ओढला जातो, मागून कुणीतरी पुठ्ठ्यावर काठी मारतो आणि घोडी ‘अडेलतट्टू’ ठरते. त्याच क्षणी तिच्या जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवलं, तर वेगळीच हकीकत कळते. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. घाबरल्यावर ते काही क्षणांत शंभराच्या पुढे जातात. प्लीहा आकसते, तिथे साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात आणि स्नायूंना जादा प्राणवायू मिळू लागतो. सगळं अंग पळायला सज्ज झालेलं असतं आणि पळायला वाट नसते. बाहेरून जो हट्ट दिसतो, तो बहुतेक वेळा हा असतो.

पण भीतीवर काम सुरू करण्याआधी घोड्याचं काही दुखत नाही ना, हे पाहिलंच पाहिजे. इथे घाई केली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. दाढांपासून सुरुवात करावी. घोड्याच्या दाढा झिजत जातात तशा हिरडीतून बाहेर सरकत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड झिजत नाही, तिला धार येते. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जातो. मग घोडा मान झटकतो, तोंडातली सळई चावत राहतो, एकाच बाजूला वळायला नकार देतो. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दाढा तपासून कानस मारून घेतली की असे कितीतरी ‘हट्टी’ घोडे सरळ चालू लागतात. खोगिराची परीक्षा घरीच करता येते. चांगली रपेट झाल्यावर खोगीर उतरवून पाठ पाहा. सगळी पाठ घामाने भिजलेली आणि मधेच एखादा कोरडा डाग असेल, तर तिथे खोगीर रुततंय.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे पाडून चावायला वळणाऱ्या घोड्याच्या पोटात व्रण असण्याची शक्यता मोठी. घोड्याचं जठर लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं आणि ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. सकाळ-संध्याकाळ दोनदा चारा टाकून मधले दहा तास उपाशी बांधलेला घोडा चिडका होणारच. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो कोरडा चारा लागतो. तो चार-पाच वेळा विभागून द्यावा, आणि रपेटीआधी अर्धा तास किलोभर कडबा पोटात जाऊ द्यावा, म्हणजे धावताना आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागावर उसळत नाही. सोलापुरात मालदांडी ज्वारीचा कडबा मुबलक आहे. तो कुट्टी करून द्यावा. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घोड्यापुढे कधीही टाकू नये, त्यात विषारी सायनाइड तयार होतं. काम नसताना धान्याचा खुराक वाढवला तरी घोडा बुजरा होतो. झोपेकडे तर कुणाचं लक्षच नसतं. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज निदान अर्धा तास आडवं पडावं लागतं. आखूड दाव्याला, ओल्या फरशीवर बांधलेला घोडा आडवा पडत नाही आणि चार-सहा दिवसांत सावलीलाही दचकू लागतो.

आता त्याची नजर. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची पट्टी तेवढी दिसत नाही. म्हणून जवळ जायचं ते खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत. लाल मंडपाला घोडा बुजतो असं म्हणतात. पण लाल रंग त्याला ठळक दिसतच नाही, त्याला निळा आणि पिवळा नीट कळतो. तो बुजतो ते फडफडणाऱ्या कापडाला, कारण त्याचा डोळा हालचाल टिपण्यासाठीच घडलेला आहे. उन्हातून अंधाऱ्या तबेल्याच्या दारात आल्यावर तो थांबतो, तेव्हा त्याला थांबू द्यावं. उजेडातून अंधाराला सरावायला त्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि आपण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, तो ३३ हजारांपर्यंतचे.

भीती मोडायचं मुख्य हत्यार म्हणजे अंतर. समजा, घोडा ताडपत्रीला बुजतो. ताडपत्रीची घडी करून मोकळ्या मैदानात ठेवा. घोड्याला साधी मोरकी आणि १० ते १२ फुटांचा दोर लावा. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. उधळलेला घोडा बोटं मोडतो. त्याच्या पुढ्यात नाही, खांद्याजवळ चाला, कारण दचकून तो पुढेच उडी मारतो. मान वर गेली, दोन्ही कान एकाच जागी रोखले, श्वास धरला, शेपूट दाबली, की एक पाऊल मागे या आणि थांबा. मान खाली येईपर्यंत, पापण्या लवेपर्यंत, नाकातून लांब फुर्र निघेपर्यंत थांबा. मग पुढे न नेता वळवून लांब न्या. लांब जायला मिळणं हेच त्याचं बक्षीस. असं तीन-चार वेळा, सगळं मिळून १५-२० मिनिटं, आणि बस्स. दुसऱ्या दिवशी कालच्या जागेच्या दोन पावलं अलीकडून सुरुवात. ताडपत्री उलगडायची नंतर, आणि वाऱ्यावर हलवायची सगळ्यात शेवटी. डाव्या बाजूने जमलं म्हणजे उजव्या बाजूने जमलं असं धरू नका. परतताना तीच वस्तू त्याला वेगळ्या आकाराची दिसते. एका मैदानात शिकलेलं दुसऱ्या रस्त्यावरही त्याला बरंचसं नव्याने शिकवावं लागतं.

आवाजाचं गणितही अंतराचंच आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने चढतो. म्हणून ढोल १०० मीटरवर वाजवून घोड्याला तिथे कडबा खाऊ द्यावा, तो शांतपणे चघळत राहिला तरच ५० मीटर, मग २५. मोबाइलवरच्या आवाजावर सराव करून फसगत होते, कारण ढोलाचा जमिनीतून येणारा हादरा मोबाइलमधून येत नाही. सोबत एखादा शांत, मुरलेला घोडा उभा करावा. कळपातला दुसरा घाबरत नाही हे पाहून नवखा घोडाही कमी घाबरतो.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे घोड्याला एकदम गर्दीत नेऊन ‘सवय लावणं’. कधीतरी तो हालचाल थांबवतो, डोळे थिजतात, आणि लोकांना वाटतं शांत झाला. तो शांत झालेला नसतो, सुटका नाही एवढं त्याला कळलेलं असतं. असा घोडा पुढे कधी फुटेल, सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, भीतीची बेरीज होते. कुत्रा भुंकला, ट्रक गेला, ऊन तापलं. तीन गोष्टी त्याने सोसल्या आणि चौथ्या फुग्याला तो उधळला. दोष फुग्याचा नसतो. अकलूजच्या घोडेबाजारातून आणलेल्या घोड्यालाही म्हणूनच पहिले दहा-पंधरा दिवस पागा, पाणी आणि माणसं ओळखू द्यावीत, नवं काही शिकवू नये.

खोगिरावरचं शिक्षण दाब आणि सोडण्यावर चालतं, आणि घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी. पोटऱ्यांचा हलका दाब द्या. पहिलं पाऊल उचललं की त्याच क्षणी, सेकंदाच्या आत, दाब काढा. तो चालायला लागल्यावरही टाचा मारत राहिलात, तर चालण्याने काही सुटत नाही एवढंच तो शिकेल. टाच मारायची आणि त्याच वेळी लगाम आवळायचा, हे घाबरलेला स्वार नकळत करतो. पुढे जा आणि थांब या दोन्ही आज्ञा एकदम मिळाल्या की घोड्याला एकच दिशा उरते, वरची. तो झाड होतो, म्हणजे मागच्या पायांवर उभा राहतो. त्या वेळी पुढे वाका, आयाळ धरा, लगाम ढिला सोडा. मागे ओढलात तर घोडा पाठीवर उलटतो आणि खाली तुम्ही असता.

अडून बसलेल्या घोड्याला सरळ पुढे ओढू नये, तो ओढीविरुद्ध अंग टाकतो. एका बाजूच्या लगामाने मान जरा वळवून त्याला एकच पाऊल बाजूला टाकायला लावा; तोल हलला की पाय हलतो. पाय हलताक्षणी लगाम सैल. उधळू पाहणाऱ्या घोड्यालाही दोन्ही लगामांनी ताणण्यापेक्षा एका बाजूला वळवत गोल लहान करावा, मात्र डांबरावर एकदम नाही. लोखंडी नाल तिथे घसरते, म्हणून आधी कडेची माती गाठावी. काटेरी सळईचा लगाम वापरणाऱ्यांबद्दल स्पष्टच सांगायला हवं: तो १९६५ च्या नियमांनी भारतात बंद आहे, आणि ज्या गोष्टीला घोडा बुजला तिच्याशी जिभेची कळ कायमची जोडणं याशिवाय त्याने काहीही साधत नाही. शाबासकीसाठी मानेवर धपाटे घालण्याऐवजी आयाळ संपते तिथला उंचवटा खाजवावा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तसं केल्याने ठोके उतरतात हे फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरच्या १९९३ सालच्या अभ्यासात दिसलं आहे.

स्वाराची भीती दोरातून घोड्यापर्यंत पोहोचते, हेही मोजलं गेलं आहे. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना सांगितलं, की या फेरीला घोड्यासमोर छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण माणसांचे ठोके वाढले आणि छत्रीचा पत्ताच नसलेल्या घोड्यांचेही वाढले. पुढे वाकलेलं अंग, आवळलेले गुडघे, धरलेला श्वास हे सगळं घोडा वाचतो. म्हणून अवघड जागेच्या दहा पावलं आधीच श्वास लांब सोडायचा, नजर त्या वस्तूवरून काढून पलीकडच्या रस्त्यावर ठेवायची.

सदाशिवनगर-पुरंदवड्याच्या रिंगणात हजारो टाळ-मृदंगांच्या मधून माउलींचे अश्व धावतात, ते पाहून नवल वाटतं. हे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात आणि मग पालखीबरोबर जवळजवळ दोन आठवडे चालून या रिंगणात उतरतात. तो आवाज, ती गर्दी त्यांच्या रोजच्या वाटेतलीच झालेली असते.

दारूकामाला मात्र असा सराव देता येत नाही. भपका आणि धमाका कधी येईल याचा घोड्याला अंदाजच लागत नाही. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं, त्या रात्री होम मैदानाच्या आसपासचे घोडे आत घ्यावेत. तबेल्यात दिवा चालू ठेवावा म्हणजे बाहेरचा लखलखाट अंगावर येत नाही. शेजारी ओळखीचा घोडा आणि पुढ्यात भरपूर कडबा असावा. बांधायचंच झालं, तर दोर कडीला थेट न बांधता मधे सुतळीचा फास ठेवावा. हिसका बसला तर सुतळी तुटते, मान वाचते. सकाळी खोगीर घालण्याआधी नाडी मोजावी. कडबा तसाच पडलेला आणि लीद झालेली नसेल, तर तो रुसलाय असं समजू नये. ती पोटशुळाची सुरुवात असू शकते, पशुवैद्याला लगेच बोलवावं.