ॲमॉर्फोफॅलस वंशातील जातींचे वर्णन व जातिनिर्णय

सुरण, शेवळा व त्यांच्या रानटी भाऊबंदांचा ॲमॉर्फोफॅलस (पुढे ‘ॲ.’) हा वंश ॲरेसी (अळू) कुलात मोडतो. पश्चिम आफ्रिकेपासून भारत व आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण प्रदेशांत त्याच्या दोनशेहून अधिक जाती आढळतात. जमिनीत घनकंद, एका वेळी बहुधा एकच पान, पानाचे मुळाशी तीन भाग व त्यांचे पुन्हा विभाजन, स्थूलकणिशावर (फुलोऱ्याच्या मांसल दांड्यावर) खाली स्त्री-पुष्पे, वर पुं-पुष्पे आणि शेंड्याला बहुधा वंध्य (फुले नसलेले) उपांग, ही वंशाची लक्षणे होत. महाछद (फुलोऱ्याला वेढणारे मोठे छद) व पानांची ठेवण पाहिल्यास सह्याद्रीतील सापकांद्याशी (ॲरिसीमा) त्याची गल्लत होऊ नये. वंश ओळखणे सोपे, जात ठरवणे मात्र अवघड, असा अनुभव वनस्पतिवर्णनाच्या इतिहासात वारंवार येतो.

अडचणीचे पहिले कारण झाडाच्या ऋतुचक्रात आहे. बहुतेक भारतीय जातींत पान व फुलोरा एका वेळी दिसत नाहीत. फुलोरा उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसाच्या सुमारास उघड्या जमिनीतून येतो आणि तो वाळल्यावर पान वर येते. त्यामुळे एकाच संग्राहकाकडे दोन्ही अवस्थांचे नमुने क्वचितच असत आणि एका जातीचे पान दुसऱ्या जातीच्या फुलोऱ्याशी जोडले जाण्याचा धोका होता. देठावरील ठिपके, पट्टे व त्यांचे रंग एकाच जागेतील झाडांतही बदलतात. केवळ त्यांवरून केलेले जातिनिर्णय आज ग्राह्य धरले जात नाहीत. पानावरून निश्चित सांगता येण्याजोग्या जाती थोड्या. ॲ. बल्बिफरच्या पानावर मुख्य शाखा फुटतात तेथे कंदिका धरतात, तर सुरणाचा (ॲ. पिओनिफोलियस) देठ हाताला खरखरीत लागतो. शेवळ्याचा (ॲ. कम्युटेटस) देठ गुळगुळीत असतो, पण तो तसा इतर अनेकांचाही असतो.

दुसरे कारण नमुन्यांचे. मांसल फुलोरा कागदात दाबून वाळवला की रंग जातो, महाछद चिकटतो आणि आतल्या फुलांचे परस्परांतले अंतर कळेनासे होते. निर्णायक लक्षणे नेमकी तेथेच असतात: महाछदाच्या तळाशी आतून असलेले उंचवटे, स्त्री व पुं-पुष्पांच्या पट्ट्यांची तुलनात्मक लांबी, त्या दोहोंमध्ये वंध्य पुष्पे आहेत की नाहीत, किंजलाची (स्त्री-पुष्पाच्या दांडीची) लांबी, किंजल्काचे (तिच्या पराग धरणाऱ्या टोकाचे) खंड, किंजपुटातील (बीजकोशातील) कप्पे (एक ते चार, प्रत्येकात एक बीजक), परागकोशांची छिद्रे आणि उपांगाचा आकार व पृष्ठभाग. म्हणून फुलोरा उभा चिरून अल्कोहोलमध्ये ठेवणे, ताज्या स्थितीत रंग व वास नोंदवणे आणि कंद लावून त्याच झाडाचे पान पुढे पाहणे, ही आजची मान्य पद्धत आहे. वासाची नोंदही वरवरची नव्हे. किंजल्के आधी ग्रहणक्षम होतात व पराग नंतर सुटतो, त्यामुळे कुजके मांस किंवा शेणासारखा वास पहिल्या अवस्थेत तीव्र असतो आणि उशिरा पोहोचलेल्या निरीक्षकाला तो मिळतच नाही.

या वंशाच्या मांडणीवर व्हिएन्नाच्या हाइन्रिख व्हिल्हेल्म शॉट (१७९४–१८६५) यांची छाप सर्वांत खोल आहे. शॉट हे शोनब्रुनच्या उद्यानांचे संचालक होते. फुलांतील बारीक फरकांना वंशाचा दर्जा देण्याकडे त्यांचा कल होता. शेवळा त्यांनी कोनोफॅलस वंशात घातला. भारतातील वनस्पतींचे वर्णन करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी ॲरम वंशात वर्णिलेल्या दोन भारतीय वनस्पतींसाठी सिनँथेरियास आणि प्लेस्मोनियम हे वेगळे वंश वापरात आले. प्लेस्मोनियमचा आधार ठळक होता: उपांग नाही आणि मधल्या पट्ट्यात मोत्यांसारखी पांढरी वंध्य पुष्पे. हूकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिग्रंथाच्या सहाव्या खंडातही हे वंश स्वतंत्र ठेवले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र बोग्नर, मेयो व शिवदासन यांनी (१९८५) वंशाच्या सीमा रुंदावण्याची बाजू मांडली. उपांग असणे-नसणे किंवा मधली वंध्य पुष्पे ही लक्षणे जाती वेगळ्या करण्यास उपयोगी असली, तरी वंश तोडण्यास पुरेशी नाहीत असे हे मत असून आज तेच सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. प्रस्तुत नोंदीतही तेच धरले आहे. त्यानुसार वरील दोन वनस्पती ॲ. सिल्व्हॅटिकस व ॲ. मार्गारिटिफर होत. इंडोचीनमधील स्यूडोड्रॅकॉन्शियम हा वंशही पुढे याच वंशात विलीन झाला. क्लाउडेल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये डीएनए-क्रमांच्या आधारे चार उपवंशांची मांडणी केली. तीत शॉट यांच्या वंशांपैकी फारसे काही पूर्वीच्या रूपात उरत नाही, तथापि त्यांनी टिपलेली लक्षणे चुकीची ठरली असे नव्हे.

शॉट यांचा ॲरेसी संग्रह दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नष्ट झाला. त्यांनी काढून घेतलेली तीन हजारांहून अधिक चित्रे मात्र व्हिएन्नात शिल्लक आहेत, आणि अनेक नावांबाबत अभ्यासकांना त्या चित्रांवरच विसंबावे लागते.

सुरणाच्या शास्त्रीय नावाचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. जुन्या मराठी व इंग्रजी ग्रंथांत, तसेच अनेक कृषी पुस्तकांत अजूनही ॲ. कॅम्पॅन्युलेटस हे नाव आढळते. ते रॉक्सबर्ग यांच्या ॲरम कॅम्पॅन्युलेटम या नावावर आधारलेले असून ते साधारण १८१९–२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या थोडे आधी, १८१८ मध्ये, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डेनस्टेट यांनी मलबारचे डच अधिकारी रेडे यांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’मधील (१२ खंड, १६७८–९३) वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना ड्रॅकॉन्शियम पिओनिफोलियम हे नाव योजले होते. डेनस्टेट यांनी स्वतः नमुना पाहिलेला नव्हता. त्यांचा आधार म्हणजे रेडे यांच्या अकराव्या खंडातील चित्र व वर्णन. अशा नावाला मान द्यावा का, याबद्दल दोन मते संभवतात. परंतु वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामकरण-संहितेनुसार पूर्वी छापलेल्या वर्णनाचा स्पष्ट निर्देश पुरेसा असतो व अग्रहक्क आधीच्या नावाला मिळतो. निकल्सन यांनी १९७७ मध्ये ॲ. पिओनिफोलियस ही जोडणी केली आणि आता तीच रूढ आहे. रेडे यांच्या या ग्रंथाचा कोकणी भाषकांशीही संबंध आहे. पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र छापलेले असून इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यासह तेही या कामातील जाणकार होते.

लागवडीतील सुरण व रानातील सुरण वेगळे मानावेत का, हाही प्रश्न आहे. काही लेखक लागवडीतील प्रकाराला कॅम्पॅन्युलेटस हा उपप्रकार म्हणून ठेवतात. देठाचा कमी खरखरीतपणा व कंदाचा कमी खाजरेपणा हे निवडीने आलेले गुण असावेत असे दिसते. तसे असल्यास त्यांना वर्गीकरणात फार वजन देता येणार नाही.

गुणसूत्रांची मदत मर्यादित होते. वंशातील बहुतेक जातींत त्यांची संख्या २६ किंवा २८ असते. ॲ. बल्बिफरमध्ये ती ३९ म्हणजे त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच) आढळते आणि परागणाशिवाय बी धरण्याच्या त्याच्या क्षमतेशी हे सुसंगत आहे. अशा वनस्पतीत किरकोळ फरक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात, त्यामुळे नव्या जातीचा भास होणे सहज शक्य असते. परागकणांचा पृष्ठभाग (गुळगुळीत, रेषांकित, काटेरी इ.) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अधिक उपयोगी ठरले आहे.

पश्चिम घाटात वर्णनाचे काम अद्याप चालू आहे. हेटरशाइड, एस. आर. यादव व के. एस. पाटील यांनी १९९४ मध्ये ॲ. कोंकणेन्सिस ही जाती प्रसिद्ध केली. मधली वंध्य पुष्पे असणाऱ्या गटाची भारतापुरती सुधारित मांडणी जलील, शिवदासन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केली. शेवळ्याचे वायनाडेन्सिस व अनमोडेन्सिस असे उपप्रकारही वर्णिले गेले आहेत. त्यांपैकी दुसरा गोवा-कर्नाटक सीमेवरील अनमोड घाटाच्या नावाने ओळखला जातो. सलग पट्ट्यात वाढणाऱ्या शेवळ्यात असे प्रकार कितपत वेगळे राहतात, याबाबत सावध असलेले बरे. सुमात्रातील ॲ. टायटॅनम (शोध बेक्कारी, १८७८; लंडनच्या क्यू उद्यानात प्रथम फुलले १८८९) प्रचंड फुलोऱ्यामुळे प्रसिद्ध आहे, पण त्याच्या ओळखीबाबत वाद कधीच नव्हता.

ठाणे, पालघर व रायगड भागांत जूनमध्ये विकायला येणारी शेवळे म्हणजे ॲ. कम्युटेटसचे न उमललेले फुलोरे. आतला पिवळा भाग काढून टाकतात व काकडांसह (काकड वृक्षाच्या आंबट फळांसह) भाजी करतात. खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. काढून टाकलेल्या या पिवळ्या भागातच स्त्री व पुं-पुष्पे असतात, त्यामुळे निवडून ठेवलेल्या शेवळावरून जात ठरवता येत नाही. ‘रानसुरण’ हे नाव एकाहून अधिक जातींना लावले जाते व ओळख पटवण्यास ते निरुपयोगी आहे.

नव्या जातीचे नाव ग्राह्य होण्यासाठी १ जानेवारी १९५८ पासून प्ररूप नमुन्याचा (ज्याच्याशी नाव कायमचे जोडले जाते त्या नमुन्याचा) निर्देश आवश्यक आहे. लॅटिन वर्णनाची सक्ती १९३५ पासून होती. २०१२ पासून इंग्रजीही चालते. फळे व बिया यांची वर्णने सर्वांत तोकडी आहेत. बियांत भ्रूणपोष (भ्रूणाभोवतीचा अन्नसाठा) नसतो हे वंशलक्षण सोडले, तर बहुतेक ग्रंथ मृदुफळांच्या रंगापलीकडे जात नाहीत. [→ अळू, सुरण].