काचबिंदूतील प्रतिरक्षाधारित चेतापेशी-संरक्षण

काचबिंदूत दृष्टिपटलातल्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या) गुच्छिका पेशी, म्हणजे दिसलेले मेंदूकडे पोचवणाऱ्या चेतापेशी, मरत जातात. शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेला हाताशी धरून त्यांतल्या उरलेल्या वाचवायच्या, अशी ही संकल्पना. उपचार म्हणून ती अजून दवाखान्यात आलेली नाही.

एका डोळ्यात अशा सुमारे १० लाख पेशी असतात. त्यांचे तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते. डोळ्यातला दाब साधारणपणे १० ते २१ मिमी पारा असतो. तो वाढला की चेतेच्या मुळाशी तंतू दबतात. पण थेंबांनी दाब उतरल्यावरही काहींची नजर खालावत राहते. आंब्याच्या अढीत एक नासला की शेजारचेही नासू लागतात, तसेच इथे होते. मरणाऱ्या पेशीतून ग्लुटामेटसारखी द्रव्ये सांडतात आणि धडधाकट शेजारणीला बाधतात. याला दुय्यम ऱ्हास म्हणतात.

इस्राएलमधील वाइझमन संस्थेत मिशेल श्वार्ट्झ यांच्या गटाने १९९९ मध्ये दृष्टिचेता चेपलेल्या उंदरांना मायलिनमधील (चेतातंतूंवरच्या वेष्टणातील) प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिरक्षा यंत्रणेतल्या पांढऱ्या पेशी, टोचल्या. याच पेशी एरवी उंदरांना लुळे करतात. इथे मात्र गुच्छिका पेशी जास्त वाचल्या. पुढे २००१ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या आजारावरचे ग्लॅटिरामर हे औषध लशीसारखे दिल्यावर दाब वाढवलेल्या उंदरांतही बचाव दिसला. टी-पेशी पोषक घटक सोडतात आणि दृष्टिपटलातल्या सूक्ष्मश्लेष पेशींना (तिथल्या रखवालदार प्रतिरक्षा पेशींना) सफाईला लावतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

याच्या उलट पुरावाही तितकाच वजनदार आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना दिसले, की दाब वाढल्यावर दृष्टिपटलात शिरलेल्या टी-पेशी जिवाणूंच्या आणि स्वतःच्याही उष्णताघात प्रथिनांवर (ताण आला की पेशी बनवतात त्या प्रथिनांवर) तुटून पडतात. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत तो ऱ्हास झालाच नाही. तेव्हा प्रश्न प्रतिकारशक्ती कमी-जास्त असण्याचा नाही. कोणत्या पेशी, कधी आणि किती जाग्या होतात याचा आहे. ‘इम्युनिटी वाढवणारा’ काढा घेऊन नजर राखता येईल, असा अर्थ यातून काढू नये.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची सर्रास गल्लत होते. “पिकू दे की, मग काढू” हा सल्ला मोतीबिंदूत एकवेळ खपतो; काचबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेनेही परत येत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचे स्पष्ट दिसत असते, म्हणून संशयही येत नाही. खडेबाजारात बाजूने आलेली दुचाकी अंगाशी येईपर्यंत दिसली नाही, तर तो गर्दीचा दोष ठरतो. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे ठिपका दिसला की बटण दाबायच्या कडेच्या नजरेच्या तपासणीत, मात्र ठिपका चमकतो आणि बटण दाबले जात नाही.

चुरचुरीवर मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले तर दाब चढू शकतो. दाब उतरवणाऱ्या, रोज रात्री घालायच्या लॅटानोप्रॉस्ट थेंबांची न उघडलेली बाटली सहसा फ्रिजमध्ये ठेवावी लागते. घरात फ्रिज नसेल तर एका वेळी एकच बाटली आणणे बरे.