कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गुंगीचे औषध आणि शरीराचा ताण: पार्श्वभूमी

भूल दिलेल्या रुग्णाला सुरी जाणवत नाही, तरी शरीर तिला उत्तर देतच असते. १९३०च्या दशकात ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन यांनी हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतून किती नायट्रोजन जातो (म्हणजे शरीरातली प्रथिने किती झिजतात) हे मोजले, तेव्हापासून या उत्तराचा अभ्यास सुरू आहे. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, आयएल-६ हा दाहाचा संदेशवाहक रेणू साधारण २४ तासांत शिखर गाठतो आणि सुटलेल्या कर्कपेशी टिपणाऱ्या एनके पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) काही दिवस मंदावतात. गाठ काढताना नेमकी हीच वेळ नाजूक असते.

म्हणून ताण दाबावा, हा विचार ओघाने आला. पण १९८३मध्ये त्याच ग्लासगोतून इशारा मिळाला: अतिदक्षता विभागात एटोमिडेट हे गुंगीचे औषध सतत चालू ठेवलेले जखमी रुग्ण जास्त दगावत होते. हे औषध अ‍ॅड्रिनल ग्रंथीतले कॉर्टिसॉल बनणेच रोखते. आकडा खाली आणणे म्हणजे रुग्णाचे भले करणे नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले आहे.

१९८६पासून वापरात आलेले, शिरेतून द्यायचे गुंगीचे औषध प्रोपोफॉल प्रयोगशाळेत दाह कमी करते. वेदनाशमन मात्र करत नाही, त्यामुळे सोबत फेंटानिलसारखे वेदनाशामक लागतेच. लंडनच्या रॉयल मार्सडेन या कर्करोग रुग्णालयातील जुन्या नोंदींवरून २०१६मध्ये, श्वासातून भूल दिलेल्यांपेक्षा प्रोपोफॉलच्या रुग्णांचे आयुर्मान जास्त दिसले. पण नोंदींत कोणाला कोणती भूल द्यायची हे भूलतज्ज्ञानेच ठरवलेले असते. स्तनकर्करोगाच्या सुमारे १,७०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केलेल्या, मुख्यतः स्वीडनमधील कॅन चाचणीत (२०२३) प्रोपोफॉल आणि श्वासातून द्यायचे सेव्होफ्लुरेन यांत पाच वर्षांनी जगण्याच्या प्रमाणात फरक उरला नाही.

डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाला अमेरिकेत १९९९मध्ये मान्यता मिळाली. ते चेतापेशींवरील अल्फा-२ ग्राहकांवर (औषध जिथे चिकटते त्या रेणूंवर) काम करून ताणाचे रसायन असलेले नॉरअ‍ॅड्रिनालिन घटवते. नेहमीची मात्रा: किलोमागे १ मायक्रोग्रॅम दहा मिनिटांत, मग तासाला किलोमागे ०.२ ते ०.७ मायक्रोग्रॅम. घाईने दिले तर आधी रक्तदाब चढतो, मग नाडी फार मंदावते. अनेक चाचण्यांत आयएल-६ आणि कॉर्टिसॉल उतरले. तरीही २०१८मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत याच औषधाने कर्करोगाचा फैलाव वाढवला. त्यामुळे दाह उतरला एवढ्यावर या औषधाला कर्करोगविरोधी म्हणणे आम्हाला मान्य नाही.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने स्तनकर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीने वेगळी वाट धरली. त्यात गुंगीचे औषध बदलले नाही. शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेन (जागा बधिर करणारे औषध) टोचले. २०२३मध्ये आलेल्या निष्कर्षांत पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया ८६.६ टक्के होत्या, लिडोकेन न दिलेल्या गटात ८२.६ टक्के.