सुप्रजननशास्त्र
विवाह व प्रजनन यांवर नियंत्रण ठेवून मानवी वंश सुधारता येतो, असे मानणारी विचारप्रणाली आणि तिच्यावर आधारलेली धोरणे. या कल्पनेचे मूळ प्लेटोपर्यंत नेणारे अभ्यासक आहेत. तथापि आनुवंशिकतेला संख्याशास्त्राची जोड देण्याचा प्रयत्न हे फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) या इंग्रज संशोधकाचे वैशिष्ट्य असल्याने आधुनिक चळवळीचा आरंभ त्याच्यापासून धरणे अधिक योग्य होय. त्याने ‘युजेनिक्स’ ही मूळ इंग्रजी संज्ञा १८८३ मध्ये योजली.

अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. व्हर्जिनिया राज्याचा तशाच स्वरूपाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये आठ विरुद्ध एक मताने वैध ठरविला. जिच्या नसबंदीवरून तो खटला झाला ती कॅरी बक मतिमंद नव्हती, बलात्कारातून गरोदर राहिलेली गरीब मुलगी होती, असे पुढील संशोधनातून दिसून आले. अमेरिकेत अशा कायद्यांखाली ६०,००० हून अधिक लोकांची नसबंदी झाली, तर जर्मनीत १९३३ च्या कायद्यान्वये सुमारे ४ लाखांची. हा केवळ नाझी राजवटीचा विकार होता असे म्हणता येत नाही. स्वीडनमध्ये १९३४ पासून १९७० च्या दशकापर्यंत अशी नसबंदी कायदेशीर होती.

भारतातील वादाचे केंद्र वेगळे आहे. जातिव्यवस्था ही रक्तशुद्धी राखणारी सुप्रजननाचीच योजना होय, असे समर्थन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केले जाई. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ (१९३६) या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा समाचार घेतला. जात फक्त जातीबाहेरचा विवाह रोखते. जातीतल्या कोणी कोणाशी लग्न करावे याची निवड ती करीत नाही. जातीमागे सुप्रजननाचा हेतू असेल, तर तो पोटजातींनाही लावावा लागेल, आणि मग पोटजातींमधल्या रोटीबंदीचा रक्ताशी काय संबंध? शिवाय एवढी निवड होऊनही या देशातील बहुसंख्य लोक सैन्यभरतीला अपात्र ठरावेत, हे कसे? या युक्तिवादाला पुरेसे उत्तर मिळाल्याचे प्रस्तुत नोंदकारास आढळलेले नाही.

त्याआधी काही वर्षे इरावती कर्वे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे मानवी कवट्यांच्या असमितीवर (डाव्या-उजव्या बाजूंमधील फरकावर) संशोधन करीत होत्या. फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कर्वे यांच्या मोजमापांतून मात्र असमितीचा वंशाशी संबंध दिसला नाही. पुढे महाराष्ट्रातील जातींच्या अभ्यासात त्यांनी मानवमितीचा, म्हणजे शरीराच्या मोजमापांच्या पद्धतीचा, वापर चालू ठेवला. त्यावर फिशर यांच्या पद्धतीची छाप किती, याविषयी मतभेद आहेत. साधने तीच राहिली, निष्कर्ष बदलले, हे मत ग्राह्य वाटते.

संततिनियमनाच्या मराठी पुरस्कर्त्यांपैकी ना. सी. फडके यांच्या लेखनात सुप्रजननाचा विचार ठळक आहे. र. धों. कर्वे यांचा भर स्त्रीच्या स्वातंत्र्यावर अधिक होता.

गर्भजल परीक्षा व सोनोग्राफी यांमुळे निवडीचा अधिकार शासनाकडून कुटुंबाकडे आला. महाराष्ट्रात त्याचा पहिला बळी मुली ठरल्या. मुंबईतील स्त्री-संघटनांच्या लढ्यामुळे राज्याने १९८८ मध्ये देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यातील सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मधील ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ वर आले. शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये १९९४ मध्ये पुण्यात काढण्यात आली. त्यांची स्वतःची संमती कोणी विचारात घेतली नव्हती. मतिमंद स्त्रीच्या संमतीविना तिचा गर्भपात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले.

भ्रूण गर्भाशयात रोपण्यापूर्वी तपासण्याचे तंत्र १९९० पासून वापरात आहे. थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराने ग्रासलेल्या कुटुंबांना त्याचा मोठा आधार झाला, हे नाकारता येत नाही. जनुक-संपादित बालके जन्माला आल्याचे ‘हे ज्यानक्वे’ या चिनी संशोधकाने २०१८ मध्ये जाहीर केले व त्यासाठी त्याला कारावास झाला. भारतीय कायदा लिंगनिदानाला गुन्हा ठरवितो आणि गुणसूत्रीय दोष, जन्मजात व्यंगे यांच्या तपासणीस परवानगी देतो. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा राहत नाही, अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीत आहे. मुलगी नको म्हणणे गुन्हा आणि डाउन सिंड्रोम असलेले मूल नको म्हणणे वैध, हा भेद कोणत्या तत्त्वावर टिकतो, असा अपंग-हक्क चळवळीचा आक्षेप आहे. गर्भधारणेचा निर्णय स्त्रीचाच, असे मानणाऱ्या स्त्रीवादी अभ्यासकांमध्येही त्यावर एकमत झालेले नाही.