थंड पाण्यातील स्नॉर्केलिंग

मास्क, स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासनळी) व फिन्स (पायांतील वल्ह्यांसारखे पंख) वापरून, सामान्यतः १५° से. पेक्षा थंड पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत तळ न्याहाळण्याची जलक्रीडा. ही मर्यादा केवळ सोयीसाठी मानली जाते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असल्याने उघडे अंग झपाट्याने गारठते.

हौशी लोकांच्या आवाक्यात हा प्रकार आला तो वेटसूटमुळे, म्हणजे निओप्रीन या फेसाळ कृत्रिम रबराच्या, आत थोडे पाणी शिरू देणाऱ्या घट्ट पोशाखामुळे. वेटसूटचे जनकत्व वादग्रस्त आहे. व्यापारामुळे अमेरिकन वेटसूट-उत्पादक जॅक ओनील यांचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि भौतिकीविज्ञ ह्यू ब्रॅडनर यांचा १९५१ च्या सुमाराचा पत्रव्यवहार पाहता अग्रमान त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. सुटातले पाणी ऊब देते, हा रूढ समजही अपुरा आहे. उष्णता अडवतात ते निओप्रीनमधील वायूचे बुडबुडे. आत शिरलेले पाणी थोडे आणि जागच्या जागी राहिले म्हणजे झाले. सैल सुटात ते प्रत्येक हालचालीसरशी बदलते व जाड निओप्रीनही निरुपयोगी ठरते. खोल पाण्यात हे बुडबुडे दाबले जातात, पृष्ठभागावर मात्र जाडी टिकते.

सहलीची आखणी पाण्याच्या तापमानावरून करतात, हवेच्या नव्हे. उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण समुद्र साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत थंड असतो. त्यामुळे वसंतातले ऊन फसवे ठरते. शिवाय तेव्हा प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या) बहराने पाणी गढुळते. १५° से. च्या आसपास ५ मिमी. जाडीचा सूट, १०-१२° से. ला ७ मिमी. सूट, हूड (डोके व कान झाकणारी टोपी) व हातमोजे आणि त्याहून थंड पाण्यात ड्रायसूट (अंग कोरडे ठेवणारा जलरोधक पोशाख), असा ढोबळ संकेत आहे. आइसलंडमधील सिल्फ्रा भेगेत पाणी वर्षभर २-४° से. असल्याने तेथे बहुधा ड्रायसूट वापरतात. त्याच्या मानेच्या पट्टीखाली चार केस अडकले तरी पाणी झिरपते.

उडी मारणे टाळावे. गार पाण्याचा स्पर्श होताच श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असल्यास पाणी श्वासमार्गात जाते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चेहऱ्यावर व मानेवर पाणी घ्यावे आणि श्वास संथ झाल्यावर, बहुधा दोन-तीन मिनिटांनी, स्नॉर्केल तोंडात धरावे. हूड नसल्यास कानात गार पाणी शिरून गरगरते. अंगठा करंगळीला टेकेनासा झाला, की बाहेर पडण्याची वेळ खरे तर टळून गेलेली असते. बाहेर आल्यावरही शरीराच्या गाभ्याचे तापमान काही काळ घसरत राहते. म्हणून आधी कोरडे कपडे व टोपी घालावी, गरम शॉवर लगेच घेऊ नये.